दोन वर्षं की पाच? इंदूरच्या पीएचसींवर संशोधन करायचं असेल तर

एमडी कम्युनिटी मेडिसिन किंवा पीएचडी नुकतीच हातात आली आहे, विषय सांवेर-देपालपूरकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतला आहे, आणि अंगावर नोकरीची घाई आहे. अशा वेळी पुढे दोन कागद असतात: आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप आणि इंडिया अलायन्सची (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनची वेलकम संस्था यांची संयुक्त योजना) अर्ली करिअर फेलोशिप, क्लिनिकल व पब्लिक हेल्थ गटातली. पात्रतेचा तक्ता संकेतस्थळांवर आहे, तो इथे उतरवत नाही. ताज्या जाहिरातीतली अटच अंतिम धरा.

आयसीएमआरचा अर्ज आटोपशीर, पण काम त्यांच्याच संस्थेत करावं लागतं. इंदुरात त्यांची संस्था नाही. भोपाळला पर्यावरणीय आरोग्याची, जबलपूरला आदिवासी आरोग्याची. म्हणजे मुक्काम हलतो आणि विषयही थोडा त्यांच्या अंगाने वळवावा लागतो. त्यात वयाची मर्यादा 32, आणि एमबीबीएस, एमडी, बॉन्ड, सीनियर रेसिडेन्सी उरकेपर्यंत डॉक्टर तिथवर पोचलेलाच असतो. हे सगळं तरी सोसता येतं. माझं घोडं अडलं ते दोन वर्षांच्या मुदतीपाशी.

हिशेब मांडून बघा. सीएचओने (सामुदायिक आरोग्य अधिकारी) रक्तदाबाच्या रुग्णांना नियमित फोन केला तर दाब आटोक्यात राहतो का, एवढाच साधा प्रश्न घ्या. फोन आणि बिनफोन अशा दोन गटांत रुग्ण सुटे वाटता येत नाहीत, अख्खं केंद्रच एका गटात टाकावं लागतं, नाहीतर एकाच ओट्यावर बसलेल्या दोघांपैकी एकाला फोन आणि दुसऱ्याला नाही असं होतं. सुट्या रुग्णांवर प्रत्येक गटाला 150 पुरले असते असं समजा. प्रत्येक केंद्रातून 40 रुग्ण आणि केंद्रांतर्गत साम्य, म्हणजे एकाच केंद्रातले रुग्ण एकमेकांसारखे असण्याचं प्रमाण, 0.05 धरलं, तर रुग्णसंख्येचा फुगवटा 1 + 39 × 0.05, म्हणजे 2.95. दीडशेचे 443 झाले. म्हणजे गटाला 12 केंद्रं, दोन्ही मिळून 24 केंद्रं आणि 960 रुग्ण.

एक क्षेत्र-कार्यकर्ता मुलाखत, संमतीपत्र आणि पाच मिनिटं बसवून घेतलेली दाबाची मोजणी धरून दिवसाला सहा रुग्ण नीट करतो. 160 दिवस, आठवड्याचे सहा दिवस धरून 27 आठवडे. त्याआधी एथिक्स कमिटी, सीएमएचओंचं (जिल्ह्याचे मुख्य आरोग्य अधिकारी) पत्र आणि सीटीआरआयची (चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी. ही नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच झालेली लागते, 1 एप्रिल 2018 पासून मागून केलेली चालत नाही. पाच महिने गेलेच. शेवटच्या रुग्णाचा पाठपुरावा बारा महिन्यांनी. पाच, सहा आणि बारा: तेवीस. विदा (डेटा) साफ करणं, विश्लेषण, लेख आणि पुढची नोकरी शोधणं या सगळ्याला उरला एक महिना. त्यात सोयाबीनची काढणी आणि होळीनंतरचा गहू. त्या दिवसांत दुपारी घरी कुणी सापडत नाही. दुसरा कार्यकर्ता ठेवावा म्हटलं, तर फेलोशिपच्या आकस्मिक खर्चाच्या रकमेत त्याचा वर्षभराचा पगार बसवताना ओढाताण होते.

इंडिया अलायन्सची मुदत पाच वर्षांची. वरचं वेळापत्रक त्यात बसतं आणि एखादा हंगाम वाया गेला तरी उभं राहतं. शिवाय माणसं नेमायला अंदाजपत्रकात जागा आहे. तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये मंजुरी दिली. 1500 कोटींपैकी 1000 जैवतंत्रज्ञान विभागाचे, 500 वेलकमचे. तेव्हा योजनाच बंद पडेल ही धास्ती तूर्त नको.

फुकट मात्र काही नाही. आधी प्राथमिक अर्ज, मग पूर्ण अर्ज, बाहेरच्या परीक्षकांची मतं आणि मुलाखत. यात बराच काळ जातो, तोवर पोटापाण्याची सोय हवी. पैसे यजमान संस्थेच्या खात्यात येतात, आणि खरा घोळ तिथे होतो. कार्यकर्ता कोण नेमणार, कुठल्या शीर्षाखाली, खरेदीची फाइल कुणाकडे, हे डीनकडून पूर्ण अर्जाआधी लेखी घ्या. तोंडी "हो जाएगा" वर विसंबलात की मंजूर पैसे पडून राहतात आणि कार्यकर्ता तोवर दुसरीकडे रुजू होतो.

आयसीएमआर कुणी घ्यावी? ज्याचा विदा आधीच तयार आहे त्याने, बिनदिक्कत. एनएफएचएस-5 मध्ये (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी) 15 वर्षांवरच्यांचा रक्तदाब मोजलेला आहे. त्यावर दोन वर्षांत दोन-तीन चांगले लेख होतात. पण ते एका भेटीचं मोजमाप. तोच माणूस वर्षभराने पुन्हा केंद्रावर आला का, हे त्यात सापडत नाही, आणि प्राथमिक सेवेतला कळीचा प्रश्न बहुतेकदा तोच असतो. म्हणून, तुमची परिस्थिती वेगळी असू शकते हे मान्य करूनही, माझा कौल पाच वर्षांकडे.

अर्ज लिहिताना दोन गोष्टी हमखास राहतात. दाबाच्या यंत्राबरोबर मोठा कफही (दंडाला गुंडाळायचा पट्टा) अंदाजपत्रकात घाला. जाड दंडाला 22 ते 32 सेंटीमीटरचा नेहमीचा कफ गुंडाळला की आकडा खोटाच वर जातो. आणि प्रत्येक भेटीत केंद्रातला अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीचा साठा नोंदवायची सोय ठेवा. गोळ्याच संपल्या असतील, तर तुम्ही फोनचा परिणाम मोजत नसून औषधपुरवठा मोजत असता, आणि परीक्षक हे पहिल्याच फेरीत विचारतो.