इटालियन रोलिंग ब्लॉक, .४५-७०: एका हंगामाच्या वापरानंतर

लुइझियानात हरणांच्या शिकारीसाठी एक वेगळा 'प्रिमिटिव्ह' हंगाम असतो आणि त्यात बाहेर घोडा (काडतूस पेटवण्यासाठी पडणारा हातोडा) असलेल्या, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, रायफली चालतात. त्या हंगामासाठी मी रेमिंग्टनच्या १८६० च्या दशकातील रोलिंग ब्लॉकची इटलीत बनलेली प्रतिकृती घेतली. कारखान्याचे नाव येथे देत नाही, कारण पुढे सांगितलेले दोष माझ्या एका नगातले आहेत आणि त्यावरून सगळ्या मालाला नावे ठेवणे योग्य होणार नाही.

दुकानात ग्राहक सर्वप्रथम अक्रोडाचा दस्ता आणि पोलादावरचे निळे-तपकिरी रंग पाहतो. त्या रंगांना मी फारसे महत्त्व देत नाही. पूर्वी ते हाड-कोळशात पोलाद तापवून येत असत, आज अनेकदा रसायनाने आणलेले असतात आणि हाताच्या घामाने फिके पडतात. खरी परीक्षा यंत्रणेची. या रचनेत घोडा पूर्ण मागे ओढल्यावर ब्लॉक, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा पोलादी ठोकळा, अंगठ्याने मागे फिरवायचा, काडतूस घालायचे आणि ब्लॉक पुन्हा पुढे लोटायचा. घोडा पडताना त्याचा खालचा भाग ब्लॉकच्या मागे जाऊन बसतो आणि स्फोटाचा सारा जोर घोडा, ब्लॉक व त्यांच्या दोन जाड खिळ्यांवर येतो. त्यामुळे घोडा चढवलेला असताना ब्लॉक किंचित हलला तर चालते, पण घोडा खाली असताना तो हलता कामा नये. माझ्या रायफलीत तो हलत नाही. गनस्मिथने फायरिंग पिन (घोड्याच्या आघाताने काडतुसावर आदळणारी सळई) काढून हेडस्पेस गेज, म्हणजे मिटलेला ब्लॉक आणि काडतूस यांतली जागा मापणारी साधने, लावली, तेव्हा कमीत कमी जागेच्या 'गो' गेजवर ब्लॉक सहज मिटला आणि जास्तीच्या जागेच्या 'नो-गो'वर मिटला नाही.

नळीवर इटलीतील गार्दोने व्हाल ट्रॉम्पिया येथील राष्ट्रीय चाचणीगृहाचा शिक्का आहे. तेथे प्रत्येक रायफलीतून कमाल दाबापेक्षा सुमारे २५ टक्के अधिक दाबाची काडतुसे उडवून पाहतात. शिक्क्यातील अक्षरे अवश्य वाचावीत, कारण 'पीएसएफ' म्हणजे धूरविरहित दारूची चाचणी आणि 'पीएन' म्हणजे केवळ काळ्या दारूची. तथापि हा शिक्का नळी व ब्लॉकच्या ताकदीपुरताच बोलतो. चाप, घोडा चढवल्यावर त्याला अडकवून धरणारी खाच आणि पिन यांबद्दल काहीच सांगत नाही.

आणि माझी तक्रार नेमकी तेथेच आहे. पिनच्या छिद्रात यंत्रकामाची बारीक कंगोर राहिली होती. त्यामुळे पिन कधी उशिरा मागे यायची, कधी पुढेच अडकायची. पुढे अडकलेल्या पिनवर ब्लॉक मिटवला, तर घोडा आधाराला नसतानाच प्रायमर (काडतुसाच्या बुडातील आघाताने पेटणारी टिकली) पेटू शकतो, म्हणून या दोषाला मी किरकोळ मानत नाही. गनस्मिथने छिद्र साफ करून दिल्यावर त्रास थांबला. तरीही प्रत्येक वेळी रायफल भरण्यापूर्वी पिन बोटाने दाबून ती मोकळी आहे ना, हे मी पाहतो. नवी रायफल घेणाऱ्याने आणखी एक चाचणी करावी: रिकाम्या रायफलीचा घोडा चढवून त्यावर अंगठ्याने जोर द्यावा आणि दस्ता गालिच्यावर हलके आपटावा. घोडा पडला, तर ती रायफल दुकानातच ठेवावी.

काडतुसांबाबत फार सावध राहावे लागते. .४५-७० हे अमेरिकी लष्कराचे १८७३ चे काडतूस असून त्याची प्रमाणित कमाल मर्यादा २८,००० पौंड प्रति चौरस इंच आहे. पण त्याच मापात आधुनिक मजबूत रायफलींसाठी केलेले बरेच जोरदार बारही (भरलेली काडतुसे) विकले जातात आणि ते या रायफलीच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसण्याच्या जागेत, विनातक्रार बसतात. मी प्रमाणित बारच वापरतो. घरी काडतुसे भरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की हे कवच ७० ग्रेन (सुमारे साडेचार ग्रॅम) काळ्या दारूसाठी आखलेले आहे आणि धूरविरहित दारू त्यापेक्षा बरीच कमी लागते. म्हणून त्यात धूरविरहित दारूचे माप चुकून दुप्पट पडले, तरी ते वरून दिसेलच असे नाही.

नेमबाजीत मात्र रायफलीने निराश केले नाही. आटे स्वच्छ कापलेले आहेत आणि शिशाची जड गोळी शंभर यार्डांवर शिकारीला पुरेल इतकी एकवटून लागते. काळी दारू वापरली, तर त्याच संध्याकाळी गरम पाण्याने नळी धुणे भाग आहे, कारण तिची राख हवेतील ओलावा ओढते आणि येथील दमट हवेत गंज लवकर धरतो. चाप अजून माझ्या पसंतीपेक्षा जड आहे, पण तो हलका करताना घोड्याची खाच बिघडण्याची भीती असल्याने मी त्याला हात लावलेला नाही.