टीव्हीखालची केसिंग पट्टी: आठ महिन्यांनंतर

जुलैत एका रात्री दीडच्या सुमारास हॉलमध्ये काहीतरी आपटलं. दिवा लावून बघितलं तर टीव्हीखालची वायरींची पट्टी भिंतीवरून सुटून लोंबत होती आणि तिच्या ओढीने सेट-टॉप बॉक्स फरशीवर आला होता. पट्टीच्या टेपला आमच्या भिंतीचा रंग चिकटलेला, वीतभर लांब.

ही पट्टी फेब्रुवारीत ऑनलाइन मागवली होती. मागे दुहेरी टेप, ‘ड्रिलची गरज नाही’ असं खोक्यावर छापलेलं. साडेचारशे रुपये. ४३ इंची टीव्हीपासून कॅबिनेटपर्यंत अडीच फूट अंतर आणि त्यात चार वायरी: पॉवर कॉर्ड, एचडीएमआय, डिशची केबल आणि जुन्या अँप्लिफायरची ऑडिओ वायर. पहिले चार महिने मी येईल त्याला ती पट्टी दाखवत होतो.

पडल्यावर कंपनीला फोन केला. तीन वेळा. ‘सरफेस इश्यू आहे, परत घेण्याची मुदत संपली.’ तेव्हा फार संताप आला आणि हा अनुभव त्याच दिवशी लिहिला असता तर एकच चांदणी दिली असती.

नंतर इलेक्ट्रिशियन आला. त्याने पट्टीकडे बघितलंही नाही, भिंतीवर तळवा फिरवला आणि मला दाखवला. पांढरी भुकटी. ‘काका, डिस्टेंपर आहे. टेप भिंतीला नाही, या पावडरला चिकटली होती.’ त्यात आमची कोथरूडची इमारत जुनी, ही भिंत पश्चिमेची. पावसाचा मारा तिच्यावरच, जूनपासून ओल धरते. शिवाय अशा टेपला पूर्ण पकड यायला तीनेक दिवस द्यावे लागतात. मी त्याच संध्याकाळी वायरी भरल्या होत्या. म्हणजे चूक माझीही होती. तरी भारतात विकायची वस्तू आणि खोक्यावर डिस्टेंपरबद्दल एक ओळ नाही, हे मला अजूनही पटत नाही.

मग तपकीर गल्लीत, पुण्यातल्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात, गेलो. गाडी लावायला वीस मिनिटं, खरेदीला पाच. साधी केसिंग-कॅपिंग, म्हणजे स्क्रूने बसवायची झाकणाची प्लॅस्टिक पट्टी, सहा फुटी, ऐंशी रुपये. गिट्ट्या (स्क्रू धरायला भोकात ठोकतात त्या) आणि स्क्रू वेगळे, तेही किरकोळ. दर दीड फुटाला एक स्क्रू, वरच्या आणि खालच्या टोकाला मात्र नक्की. भोक पाडण्याआधी एक बघा: स्विचबोर्डातून भिंतीतला पाइप बहुतेक सरळ वर किंवा आडवा गेलेला असतो, त्या रेषेत ड्रिल लावू नका.

भिंत फोडून पाइप टाकायचाही विचार केला होता. बरं झालं टाकला नाही. एचडीएमआयचं डोकं प्लॅस्टिकसकट साधारण दोन सेंटीमीटर रुंद, ते २० मिमीच्या पाइपातून, त्यातही बेंडमधून, जात नाही. केसिंगमध्ये डोकं ओवायचा प्रश्नच नाही, झाकण काढा, वायर ठेवा, झाकण दाबा. वायर बदलायची झाली तरी तेच. आणि टीव्हीची कॉर्ड तशीही भिंतीत गाडायची नसते. भिंतीतून न्यायची असेल तर टीव्हीमागेच सॉकेट काढून घ्यावं.

पट्टीत वायरी तापतील अशी आईला भीती होती. एवढा टीव्ही १०० वॉटच्या आसपास घेतो, २३० व्होल्टवर अर्धा अँपिअरही नाही. दोनदा तासभर चालू ठेवून हात लावला, पट्टी गारच. अडॅप्टर आणि एक्स्टेंशन बोर्ड मात्र बाहेर, मोकळ्यावर ठेवलेत.

अनपेक्षित फायदा ऑडिओ वायरीचा झाला. सहा फुटी पट्टीतला उरलेला तुकडा वाया जाऊ नये म्हणून ती वायर वेगळी, हातभर लांबून नेली. कितीतरी दिवस स्पीकरमधून येणारी बारीक घूं कमी झाली. पॉवर कॉर्डला खेटून ठेवल्यामुळे ती येत होती, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. रात्री आवाज बारीक करून गाणी ऐकतो तेव्हा फरक कळतो.

गणपतीत घर भरलेलं असताना माझ्या नातीने ती पट्टी दोन्ही हातांनी ओढून बघितली. हलली नाही.

दिवाळीआधी हॉल रंगवायचाय. राउटरसाठी दुसरी पट्टी लागेल, तिच्या गिट्ट्या रंगाआधीच ठोकून घेणार आहे. ती साडेचारशेची पट्टी टाकवत नाही. टेप खरवडून काढलीय, तीच राउटरला वापरेन, स्क्रू मारून.