अ‍ॅमस्टरडॅमचा पाऊस आणि म्युझियमकार्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर

अ‍ॅमस्टरडॅममध्ये किंवा आमच्यासारखं शेजारच्या अ‍ॅमस्टलफेनमध्ये राहायला येणार असाल, तर घराचा करार आणि सायकल झाल्यावर लगेच घेण्याची वस्तू म्हणजे म्युझियमकार्ट, संग्रहालयांत वर्षभर चालणारं प्रवेशाचं कार्ड. गेला पावसाळी शरद आणि अख्खा हिवाळा मी ते वापरलं. त्याच्या भरवशावर इथले ओले शनिवार-रविवार कसे गेले, कुठे ते उपयोगी पडलं आणि कुठे नाही, हे सविस्तर लिहिते आहे.

आधी पावसाबद्दल, कारण कोकणातून आलेल्या माणसाचा त्याबाबत फार गोंधळ होतो. इथे वर्षाला साधारण 850 मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या वेंगुर्ल्याला तेवढा जुलैतच पडून जातो. पण तिकडचा पाऊस कोसळतो आणि मोकळा होतो. इथला बारीक असतो, वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि दिवसभर थांबून थांबून पडतो. छत्री पहिल्याच पुलावर उलटी होते. डिसेंबरमध्ये साडेचारला सूर्य मावळतो. अशा दिवशी मुलांना घेऊन घरात बसलं की चारपर्यंत सगळ्यांची डोकी तापतात. बाहेर पडायलाच हवं, आणि बाहेर पडून पुन्हा कुठेतरी आत जायला हवं. डच लोक त्यासाठी फोनवर बाउएनराडार उघडून पुढच्या दोन तासांतल्या सरी बघतात आणि मधल्या कोरड्या वेळात ट्राम पकडतात. ही सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्या.

आता कार्ड. मोठ्या माणसाचं कार्ड वर्षाला साधारण 75 युरोंना पडतं आणि देशभरातल्या चारशेहून जास्त संग्रहालयांत चालतं. मी घेतलं तेव्हा आधी तात्पुरतं कार्ड मिळालं, 31 दिवस आणि पाच भेटींपुरतं. मग इथला पत्ता देऊन नोंदणी केल्यावर वर्षभराचं झालं. म्हणून भारतातून आठवडाभर येणाऱ्या आई-बाबांसाठी घ्यायच्या आधी सध्याचा नियम वाचून घ्या. राइक्सम्युझियम हे राष्ट्रीय संग्रहालय किंवा व्हॅन गॉग संग्रहालय, यांचं एकेक तिकीट वीस युरोंच्या पुढे आहे, म्हणजे चार मोठ्या भेटींत पैसे वसूल. या दोन्ही ठिकाणी 18 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, त्यामुळे मुलांचं कार्ड घ्यायची घाई नको. नेमो विज्ञानकेंद्र किंवा सागरी संग्रहालयात वारंवार जाणार असाल तरच घ्या.

पण वसुलीचा हिशोब ही त्यातली सर्वात लहान गोष्ट आहे. खरा फरक पडतो तो बघण्याच्या पद्धतीत. तिकीट काढून गेलो की आपण सगळं बघून घ्यायला धावतो. तिसऱ्या दालनात पाय दुखतात, मुलं रडकुंडीला येतात आणि शेवटी काहीच लक्षात राहत नाही. कार्ड असलं की सर आली म्हणून आत जायचं, एक दालन बघायचं आणि सर थांबली की बाहेर. पुढच्या शनिवारी दुसरं दालन. चित्रं बघायला मी या कार्डामुळे शिकले, असं मी मनापासून म्हणते.

राइक्सम्युझियमचंच घ्या. पाच नंबरची ट्राम अ‍ॅमस्टलफेनहून थेट म्युझियमप्लाइन या त्याच्याजवळच्या चौकात सोडते. वर्षाचे 365 दिवस सकाळी नऊ ते पाच उघडं असतं, अगदी नाताळातसुद्धा. कायपर्स या वास्तुकाराची ही 1885 सालची इमारत. तिच्या पोटातून सायकलींचा रस्ता जातो, तिथे छताखाली उभं राहून वाजवणारे वादक ऐकणं हाही पावसातला एक कार्यक्रम. रेम्ब्रांटचं 1642 मधलं ‘नाइट वॉच’ बघायला गर्दी असते आणि ती रास्तच आहे. 2019 पासून त्या चित्राचं संशोधन आणि जतनाचं काम काचेच्या खोलीत, लोकांसमोरच सुरू झालं. संवर्धक कसं काम करतात हे मुलांना दाखवावं असं आहे.

मला मात्र तिथे ओढून नेतो तो आशियाई विभाग. पाण्याने वेढलेल्या एका लहानशा, वेगळ्या इमारतीत तो आहे आणि बहुतेक लोक तिथवर पोचत नाहीत. आत चोळ काळातला, साधारण सन 1100 च्या सुमाराचा नटराज आहे. उंची दीड मीटर, आतून भरीव ओतीव काम, वजन तीनशे किलोंच्या घरात. दक्षिणेच्या देवळात उत्सवमूर्ती म्हणून मिरवलेला हा देव इथे एकटा उभा आहे. आधी मला वाईट वाटायचं. आता जाते तेव्हा पुढच्या बाकावर नुसती बसते. सगळ्या बाजूंनी फिरून बघता येतो, पाठीवरच्या जटा आणि पायाखालचा अपस्मार राक्षस नीट दिसतो. देवळात एवढं जवळून आणि एवढ्या निवांत कोण बघू देईल? या एका बाकासाठी 75 युरो द्यायला मी तयार आहे.

दुसरी माझी जागा म्हणजे सागरी संग्रहालय. 1656 साली बांधलेल्या नौदलाच्या कोठारात ते आहे. मधल्या चौकावर काचेचं छत आहे, त्यामुळे पाऊस डोक्यावर वाजतो आणि आपण कोरडे. धक्क्याला डच ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘अ‍ॅमस्टरडॅम’ जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती बांधलेली आहे. मुलं तोफांजवळून हलत नाहीत. वेंगुर्ल्यात याच कंपनीने 1637 मध्ये वखार घातली. तिचे पडके अवशेष बघत मी वाढले, पण ती वखार कोणी कशासाठी बांधली हे शाळेत कोणी नीट सांगितलं नव्हतं. इथले नकाशे बघताना ती गोष्ट पहिल्यांदा जुळली. कोकणातल्या कुणीही हे संग्रहालय चुकवू नये.

रेम्ब्रांटचं घर लहान आहे, तासाभरात होतं. 1639 ते 1658 तो तिथे राहिला. 1656 मध्ये दिवाळं निघाल्यावर घरातल्या वस्तूंची यादी केली गेली आणि त्या यादीवरूनच खोल्या पुन्हा मांडल्या आहेत. तांब्याच्या पत्र्यावरून चित्र कसं छापतात याचं प्रात्यक्षिक तिथे जरूर बघा. या माणसाने मुघल लघुचित्रांवरून जपानी कागदावर वीसेक रेखाटनं केली होती. हिंदुस्थानात कधीही न आलेल्या चित्रकाराने आपले बादशहा इतके मन लावून काढावेत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पोटमाळ्यावरचं चर्चही बघा. 1578 नंतर कॅथलिकांना उघडपणे प्रार्थना करायला बंदी होती. म्हणून 1660 च्या दशकात कालव्यालगतच्या घरांचे वरचे मजले जोडून अख्खं चर्च लपवलं. जिने फार उभे आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना नेऊ नका. 1675 चं पोर्तुगीज सिनेगॉग मेणबत्त्यांवर उजळतं, तिथे विजेचे दिवे नाहीत आणि हिवाळ्यात गारठा असतो. कोट काढू नका.

कार्ड कुठे अपुरं पडतं तेही सांगते. व्हॅन गॉग संग्रहालयात कार्ड असलं तरी वेळ आरक्षित करावीच लागते, म्हणजे सर आली आणि शिरलो असं होत नाही. अ‍ॅन फ्रँकच्या घराची तिकिटं दर मंगळवारी सहा आठवड्यांपुढची निघतात आणि भराभर संपतात. पावसाचा अंदाज बघून ते ठरवता येणार नाही. काही विशेष प्रदर्शनांना वरचे पैसे लागतात. लहान संग्रहालयं सोमवारी अनेकदा बंद असतात. शाळेच्या सुट्टीतल्या ओल्या दिवशी नेमोला सगळं शहर लोटतं, म्हणून सकाळची पहिली वेळ घ्या. बहुतेक ठिकाणी पाठीवरच्या पिशव्या आणि ओले रेनकोट कपाटात ठेवावे लागतात. पाण्याची बाटली, मुलांची औषधं एका छोट्या कापडी पिशवीत वेगळी ठेवलीत तर वर-खाली धावपळ होत नाही. आणि कॅफेत चार माणसांचं खाणं कार्डाचा फायदा दोन भेटींत खाऊन टाकतं. आम्ही घरून पोळीचे रोल नेतो आणि बाहेरच्या बाकांवर किंवा ग्रंथालयात जिथे परवानगी आहे तिथे खातो.

ज्यांना कार्डच नको, त्यांच्यासाठी फुकटातल्या तीन जागा. सेंट्रल स्टेशनपासून दहा मिनिटांवर ओबा हे 2007 मधलं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. तळाशी मुलांचा विभाग, सर्वात वर शहर दिसणारी गच्ची, आणि कोणी उठ म्हणत नाही. फाइझलस्ट्राटवर महापालिकेचं अभिलेखागार एका जुन्या बँकेच्या भव्य इमारतीत आहे, तळघरातल्या तिजोरीच्या दालनात शहराची जुनी कागदपत्रं मांडली आहेत. तिसरी जागा कॉन्सर्टखबाउ हे संगीताचं सभागृह. सप्टेंबर ते जून बहुतेक बुधवारी साडेबाराला अर्ध्या तासाचा विनामूल्य कार्यक्रम असतो. पास कसे देतात ते आधी संकेतस्थळावर बघा. 1888 चं हे सभागृह आवाजासाठी जगभर नावाजलेलं आहे. मला पाश्चात्त्य संगीतातलं फारसं कळत नाही, पण सवाईला बसायची सवय असलेल्या कानाला तिथली शांतता लगेच ओळखू येते.

संध्याकाळ उरलीच तर टुशिन्स्की चित्रपटगृहात जा. 1921 मध्ये अब्राहम टुशिन्स्की यांनी ते उभारलं. पुढे नाझींनी त्यांना आउशविट्झला नेऊन मारलं. आतलं सजलेलं प्रवेशदालन बघताना हे लक्षात असू द्या.

कार्ड घ्यायचंच असेल तर सप्टेंबरअखेर घ्या. वर्षभराची मुदत तेव्हा सुरू झाली की ऑक्टोबर ते मार्च सगळा ओला काळ त्यात सलग येतो. आणि नंतर उन्हाळ्यात पाहुणे आले की त्यांच्याबरोबर पुन्हा जाताना तुमचं तिकीट लागत नाही.