पुरात बुडालेली शिलाई मशीन भंगारात घालू नका: निपाणीतल्या मशीनवाल्या मामांचं दुकान

वेदगंगा-दूधगंगेच्या काठावर ज्यांच्या घरात पुराचं पाणी शिरतं आणि ज्यांचं पोट शिलाईवर आहे, त्या बायकांसाठी हे मुद्दाम लिहितेय. बुडालेली मशीन भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा निपाणीच्या या दुकानात दाखवा. बस स्टँडवरून बाजारपेठेकडे चालत निघालं की एका बोळात आहे. पाटीवर मालकाचं नाव नाही, नुसतं 'शिलाई मशीन दुरुस्ती' मराठीत आणि खाली कन्नडमध्ये. मशीनवाले मामा कुठं बसतात म्हणून विचारलं की कुणीही दाखवतं.

माझी मशीन ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गेली. वर पाटगाव आणि काळम्मावाडी ही धरणं भरलेली, पाऊस उघडायचं नाव घेईना, यमगर्णीजवळ हायवेसुद्धा बंद पडला. आम्ही म्हशी, कागदपत्रं आणि आत्तींना घेऊन शाळेतल्या निवारा केंद्रात गेलो. मशीन जाग्यावर राहिली. काळ्या हेडची, बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या स्टँडची उषा. माझ्या आईनं जन्मभर विड्या वळल्या, त्यातून मागं टाकलेल्या पैशांनी लग्नात दिलेली.

पाणी ओसरल्यावर घरात शिरलो तर फळी फुगून तिचे पापुद्रे सुटले होते, चाक फिरवणारी वादी कुजली होती, हेडवर तांबूस गंज चढला होता आणि चाक गाळानं गच्च बसलं होतं. भंगारवाला टेम्पो घेऊन गल्लीत फिरत होता, किलोच्या भावानं मागत होता. शेजारच्या दोघींनी देऊन टाकल्या. सरकारचे १०,००० रुपये आले, ते धान्यात, अंथरूण-पांघरुणात आणि गोठ्याच्या पत्र्यात गेले. बायकांच्या बचत संघाचा हप्ता मात्र शिलाईवरच चालायचा. मशीन नाही तर हप्ता कुठला?

मामांच्या दुकानाच्या पायऱ्यांवर तेव्हा मशीनींची रांग लागली होती. प्रत्येक हेडवर खडूनं गावाचं नाव: जत्राट, भिवशी, सिदनाळ, कुन्नूर, कारदगा. ती नावं वाचली तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं. हे एकट्या माझ्या घरावर आलेलं नाही, आणि एवढ्या जणींनी मशीन टाकून दिलेली नाही, हे डोळ्यांनी दिसलं.

मी चाकाला हात घातला तसं मामा म्हणाले, "आक्का, फिरवू नगा. आत गाळ हाय, बुश खाऊन टाकंल." मग सगळीकडून बघून म्हणाले, "बीड हाय, मरत न्हाई. हुतंय चालू."

त्यांची पद्धत सांगते, कारण कुणाला घरी करायची वेळ आली तर उपयोग होईल. आधी स्वच्छ पाण्यानं गाळ धुऊन काढायचा आणि मशीन उन्हात खडखडीत वाळवायची. मग तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेल सोडून रात्रभर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी चाक हलक्या हातानं मागं-पुढं करायचं, काळं पाणी निघेल ते पुसायचं, पुन्हा रॉकेल. जोर लावायचा नाही. चाक मोकळं झालं की शटल, बॉबिन केस आणि कापड पुढं सरकवणारे दाते सोडवून ब्रशनं घासायचे. मशीनचं तेल सगळ्यात शेवटी, कारण आत गाळ असताना तेल घातलं तर त्याचा लगदा होऊन आणखी घट्ट बसतं. मोटार लावलेली असेल तर ती वाळवून तपासल्याशिवाय प्लग अजिबात लावू नका.

हे सगळं त्यांनी मला शेजारी बसवून माझ्याच हातानं करून घेतलं. "पाणी परत येनार, तवा मी असंन न्हाई तर नसंन," एवढंच म्हणाले. बॉबिन केस नवी घालावी लागली. कंपनीची आणि लोकल, दोन्ही पुढ्यात ठेवून भाव आणि फरक सांगितला. वादी आणि मजुरी धरून ६०० रुपये झाले, तेसुद्धा पूरग्रस्तांना "शिलाई सुरू झाली की द्या." गौरी-गणपती तोंडावर होते. साड्यांचे फॉल-पिको, परकर-पोलकी, पुरात गेलेले पोरांचे गणवेश, इतकं काम आलं की सणानंतर लगेच त्यांचे पैसे पोचते केले.

उणं असेल तेही सांगते. पावती मिळत नाही. फोन क्वचित उचलतात. हंगामात मशीन लवकर मिळत नाही. सर्किट असलेल्या नव्या हलक्या मशीनी ते घेत नाहीत, तसं तोंडावर सांगतात. मोटारीचं वाइंडिंग दुसरीकडून करून आणतात, त्याला वेळ लागतो. तरी मी तिथंच जाते.

जुलै २०२१ मध्ये परत पाणी आलं. या खेपेला मामांनी दाखवल्याप्रमाणं वादी काढली, फळीखालच्या बिजागरीचे दोन स्क्रू सैल केले, हेड उचलून पोत्यात गुंडाळलं आणि शाळेत बरोबर नेलं. स्टँड बुडालं, ते नळीच्या पाण्यानं धुतलं. घर स्वच्छ करायच्या आधीच मी ओसरीवर शिलाईला बसले होते. शेजारच्या दोघींनी त्यानंतर मामांकडूनच जुन्या मशीनी घेतल्या आहेत, त्यांनाही ते दोन स्क्रू दाखवून ठेवलेत.

जाताना फक्त हेड आणि बॉबिन केस न्या, स्टँड वागवत नेऊ नका. दुपारी जेवणाला दुकान बंद असतं. सर्व्हिसिंग मे महिन्यात उरकून घ्या, जूनमध्ये गणवेशाच्या कामामुळं मामांकडं पाय ठेवायला जागा नसते.