डोलकाठीवरचे दिवे आणि नवीन वायरिंग: सात महिने वापरून झाल्यावर

आमच्या 21 फुटी शिडाच्या बोटीची डोलकाठीतली सगळी वायर नोव्हेंबरात बदलली. टिन केलेली (कथिलाचा मुलामा दिलेली) तांब्याची वायर, आतून गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी), डोलकाठीची वायर बोटीच्या वायरला जोडणारा डेकवरचा प्लग नवीन आणि वर सीलबंद एलईडी, त्यातच ट्रायकलर (रात्री शिडावर चालताना लावायचा लाल-हिरवा-पांढरा एकत्र दिवा) आणि अँकर लाइट (नांगर टाकल्यावर लावायचा पांढरा दिवा) दोन्ही. आता बोट पावसासाठी झाकून ठेवलीय, अख्खा सीझन वापर झालाय, म्हणून सविस्तर लिहितोय.

मुरुडला निघायला चार दिवस होते. बोट नेरुळच्या खाडीत असते, तिथे संध्याकाळी सगळी बटणं दाबून बघत होतो तर ट्रायकलर बंद. ज्याला विचारावं तो म्हणे बल्ब गेला असणार, वर चढ. डेकच्या प्लगला मीटर लावला तर 12.6 व्होल्ट, त्यामुळे मलाही तेच वाटलं. दिवाळे गावातले एक काका मच्छीमार बोटींची वायरिंग करतात, ते शेजारीच काम करत होते. ते म्हणाले, "अरे नुसत्या मीटरने काय कळणार, आधी लोड दे. बाईकच्या इंडिकेटरचा बल्ब आण." 21 वॅटचा बल्ब प्लगच्या खालच्या बाजूला जोडला, तो जेमतेम लालसर झाला आणि मीटर एकदम 4 वर आला! मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे एखादी तार जरी टेकलेली असली तरी पूर्ण व्होल्टेज दिसतं, पावणेदोन अँपिअर मागितले की सडलेला जॉइंट उघडा पडतो. वर चढण्याआधी हे कराच, पाच मिनिटांचं काम आहे.

प्लग उघडला तर पिनांवर हिरवा भुगा. वायर सोलली तर तांबं काळं, अजून थोडी सोलली, तरी काळंच, शेवटी दोन फूट आत गेल्यावर जरा लाल दिसलं. साधी घरगुती वायर होती, खारं पाणी तारांमधून आत चढत जातं. त्यात खालपासून डोलकाठीच्या टोकापर्यंत 0.5 स्क्वेअर एमएमची, जाऊन-येऊन 26 मीटर, म्हणजे साधारण एक ओहम, 25 वॅटच्या बल्बला दोनेक व्होल्ट वाटेतच जाणार आणि उजेड निम्म्यावर. म्हणजे इतकी वर्षं आमचा दिवा लोकांना मंदच दिसत असणार, आणि जेएनपीए बंदराची कंटेनर जहाजं जिथून जातात तिथून रात्री आम्ही जायचो, हा विचार करून खरंच धस्स झालं.

नवीन वायर 1.5 ची टाकली. आधी पैसे वाचवायला जुन्या दिव्यातच एक स्वस्त एलईडी बल्ब बसवला होता, तो अजिबात घेऊ नका. हिरवा रंग फिकट निळसर दिसायचा, आणि दिवा लावला की व्हीएचएफवर (बोटीच्या रेडिओवर) खरखर. अँटेना तिथेच वर असते ना. तपासायचं असं: शांत चॅनलवर स्क्वेल्च (रेडिओची खरखर दाबायचं बटण) खरखर जेमतेम थांबेल इतकाच ठेवायचा आणि दिवा लावायचा, खरखर परत आली तर दिवा वाईट, चॅनल 16 वरची (संकटात हाक मारायचं चॅनल) लांबची हाक ऐकू येणार नाही. सीलबंद दिवा महाग पडला, पण या टेस्टमध्ये पास झाला.

सात महिन्यांत एकदाही दिवा गेला नाही. अँकर लाइट रात्रभर लावला तरी बॅटरीतून तीनेक अँपिअर-अवर जातात, आधी दहा जायचे. एक तक्रार आहे, डेकमधून वायर आत जाते तिथलं रबरी सील मार्चमध्ये झिरपायला लागलं, मग वायरला खाली एक वळसा दिला म्हणजे थेंब वळशावरून गळून जातो, आत शिरत नाही.

हां, इंजिन लावलं की ट्रायकलर बंद करून खालचे साइड लाइट (लाल-हिरवे), स्टर्न लाइट (मागचा पांढरा) आणि स्टीमिंग लाइट (डोलकाठीवरचा पुढे दिसणारा पांढरा) लावावे लागतात, ट्रायकलर फक्त शिडावर असताना आणि 20 मीटरखालच्या बोटीलाच चालतो. त्यामुळे खालचे दिवेही त्याच इंडिकेटर बल्बने तपासले, स्टीमिंगचा जॉइंटही सडका निघाला.

मागच्या रविवारी प्लग काढून सिलिकॉन ग्रीस भरलं, टोक अर्धा इंच कापून बघितलं. आतली तार बसवली तेव्हा होती तशीच चकचकीत पांढरी.