एचआरटी मेंदूसाठी घ्यायची का? गोळी, जेल आणि नुसतं चालणं, तिन्हींची तुलना

पाळी जायच्या आसपास डोकं चालेनासं होतं. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभं राहायचं आणि आठवत बसायचं की आलो कशाला, सख्ख्या भाचीचं नाव ओठांवर येऊन अडतं, आणि मग कोणीतरी मैत्रीण म्हणते अगं हार्मोन घे (एचआरटी म्हणजे हेच, पाळी जाताना कमी होणारी हार्मोन्स बाहेरून घेणं), मेंदू तरुण राहतो. मलाही ४८ व्या वर्षी हाच सल्ला मिळाला, मग दोन महिने वाचत बसले, आता तुम्ही त्याच जागी असाल तर हे वाचा आणि मग डॉक्टरांकडे जा.

मैत्रिणीचं म्हणणं हवेतलं नाहीये बरं. १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत कॅथरीन वूली आणि ब्रूस मॅकएवन यांच्या टीमने उंदरांच्या माद्यांवर काम केलं, तर हिप्पोकॅम्पसमधल्या म्हणजे आठवणी जिथे पक्क्या होतात तिथल्या पेशींच्या फांद्यांवर बारीक काटे असतात (दुसऱ्या पेशींशी जोडणी होते ती तिथेच), ते इस्ट्रोजेन (बायकांचं मुख्य हार्मोन, पाळी गेल्यावर हेच पडतं) चढलं की वाढायचे आणि उतरलं की कमी व्हायचे, आणि हे सगळं माद्यांच्या चार-पाच दिवसांच्या चक्रात! शिवाय पेशींना साखर वापरून ऊर्जा करायलाही इस्ट्रोजेन मदत करतं. मग पाळी गेल्यावर ते बाहेरून दिलं तर मेंदू टिकेल, असं वाटणं साहजिकच होतं.

पण बायकांवर ट्रायल झाली तेव्हा उलटंच निघालं. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या ४,५३२ बायका, अर्ध्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची (म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारख्या दुसऱ्या हार्मोनची) गोळी, अर्ध्यांना नुसती साखरेची. २००३ मध्ये निकाल आला, डिमेन्शिया गोळीवाल्या ४० जणींना आणि दुसऱ्या बाजूला २१. आकडे लहान आहेत पण जवळपास दुप्पट, आणि त्याच्या आदल्याच वर्षी ब्रेस्ट कॅन्सरची बातमी येऊन गेली होती, त्यामुळे जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. (ती गोळी गाभण घोडीच्या लघवीतून काढलेल्या इस्ट्रोजेनची होती. हे वाचून मी पण जरा थांबले.)

आता लवकर विरुद्ध उशिरा, कारण खरी मेख इथेच आहे. त्या बायकांची पाळी जाऊन निदान दहा-पंधरा वर्षं उलटलेली होती. मग कीप्स नावाची ट्रायल झाली, पाळी गेल्यापासून तीन वर्षांच्या आतल्या ७२७ बायका, काहींना गोळी, काहींना पॅच (कातडीवर चिकटवायची हार्मोनची पट्टी), काहींना खोटं औषध. चार वर्षांनी स्मरणशक्तीत फायदाही नाही आणि तोटाही नाही, मात्र गोळीवाल्यांचा मूड थोडा सुधारला. म्हणजे लवकर घेतलं तर मेंदूला भीती नाही, पण डोकं तल्लख होईल म्हणून घेत असाल तर पैसे वाया. काही निरीक्षणात्मक अभ्यास (म्हणजे कोणी काय घेतलं आणि पुढे काय झालं हे नुसतं बघणारे) अल्झायमर कमी होतो म्हणतात, पण स्वतःहून हार्मोन घेणाऱ्या बायका बहुधा जास्त शिकलेल्या, तब्येतीने बऱ्या असतात, तर श्रेय गोळीला द्यायचं की त्यांच्या राहणीला? मी ट्रायललाच जास्त मानते.

मग घ्यायचंच कशाला? तर अंगातून अचानक उठणाऱ्या गरम वाफांसाठी (हॉट फ्लॅशेस) आणि रात्रीच्या घामासाठी. रात्री तीनदा उठून पंखा वाढवणाऱ्या बाईचं दुसऱ्या दिवशी डोकं कसं चालणार! वाफा थांबल्या की झोप लागते आणि विसरणं थोडं कमी होतं, फायदा हा असा मागच्या दाराने येतो.

गोळी की जेल? मी कातडीवर चोळायच्या जेलच्या किंवा पॅचच्या बाजूने. गोळी आधी लिव्हरमधून जाते आणि रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, कातडीतून गेलं तर तो बराच कमी. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर आतलं अस्तर वाढून कॅन्सरची भीती असते. त्याचा मायक्रोनाइज्ड (अगदी बारीक कण केलेला) प्रकार रात्री घेतला तर झोप येते, कारण त्यातून शरीरात जो पदार्थ बनतो तो मेंदूला शांत करणाऱ्या गाबा रिसेप्टरवर काम करतो. ब्रेस्ट कॅन्सर, स्ट्रोक किंवा गुठळी झालेली असेल तर हा सगळा विषय आधी डॉक्टरांशी, मैत्रिणीशी नाही.

आणि चालणं. हसू नका, २०११ मध्ये १२० वयस्कर लोकांवर ट्रायल झाली, आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस वर्षभरात साधारण २ टक्के वाढला, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा थोडा आकसला. फुकट आहे, फक्त वाफा काही थांबत नाहीत त्याने.

यातलं काहीही ठरवायच्या आधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि बी-१२ करून घ्या, आपल्याकडे शाकाहारी बायकांत बी-१२ कमी असणं नेहमीचंच, आणि थायरॉइड मंदावलं की अस्सं हेच होतं, नाव आठवत नाही, सुस्ती, सगळं.

एक गोष्ट मात्र वेगळी. चाळिशीच्या आसपास किंवा त्याआधी ऑपरेशनमध्ये दोन्ही अंडाशय काढलेले असतील तर वरचा हिशोब लागू नाही. इस्ट्रोजेन एका दिवसात पडतं आणि अशा बायकांमध्ये पुढे स्मरणशक्तीचे त्रास जास्त दिसलेत, म्हणून त्यांना पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावं असं बहुतेक तज्ज्ञ सांगतात. बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या २०१९ ला सगळ्यांनी वाचल्या, ऐन तिशीत गर्भाशयाच्या पिशव्या काढलेल्या. पण शहरातसुद्धा "पिशवी काढली" एवढंच सांगतात आणि सोबत अंडाशय गेले की राहिले हे बाईला माहीतच नसतं. तेव्हा आधी कपाटातलं डिस्चार्ज कार्ड शोधा, त्यावर लिहिलेलं असतं.