लाखाचं मशीन आणि दोन मिनिटांचा फेस

आधी चांगलं सांगतो, कारण जागा खरंच आवडलीय. मालवणहून तारकर्लीकडे जाताना रस्त्याला लागूनच हा कॅफे आहे. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रार आहे आणि चालवणारी पोरं मेहनती आहेत, उगाच कोणाच्या धंद्यावर यायला नको. जांभ्याच्या जुन्या घराची पडवी तशीच ठेवून तिथे टेबलं टाकलीयत, वर कौलं, मे महिन्याच्या दुपारी पण पंख्याखाली निवांत बसता येतं. एस्प्रेसो (छोट्या कपातली कडक काळी कॉफी) एकदम नीट, बिया चिकमगळूरच्या, ग्राइंडर चांगला, वर क्रेमा म्हणजे तपकिरी फेसाचा थर धरतो आणि करपट लागत नाही. कोकमात सोडा आणि वरून एस्प्रेसो असा एक प्रकार देतात, ऐकायला विचित्र वाटतं पण उन्हातून आल्यावर जाम भारी लागतो, तो घ्याच. ओल्या खोबऱ्याचा केक पण चांगला, फक्त साखर हात राखून टाका रे बाबांनो.

आता दुधाची कॉफी. कॅपुचिनो २०० रुपयांच्या आसपास, आणि टेबलावर येते तेव्हा वर मोठाले बुडबुडे, साखर ढवळेपर्यंत ते पण फुटून गेलेले, खाली नुसतं कढत पातळ दूध. सोबत मालवणचा मित्र होता, त्याने कपात डोकावून विचारलं, "ह्या काय रे, भांडी धुतलेला पाणी?" कॉफीवर दुधाने पान काढायचा प्रयत्न केलेला होता पण पांढरा डाग सोडून काही उमटलं नव्हतं. बरं, एखाद्या दिवशी होतं असं म्हणून सोडून दिलं, पण नंतर गेलो तेव्हाही तेच आणि शेजारच्या टेबलावर पण तेच.

काउंटरवरच्या दादाला विचारलं तर उत्तर तयार. "काका, इथलं दूधच असं आहे. पुण्यासारखं ताजं कुठे मिळतं, घाटावरून गाडी येते, त्यात ही दमट हवा." किनाऱ्यावर अजून दोन-तीन ठिकाणी मी हेच वाक्य ऐकलंय, अलिबागला पण, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

हवेचं तर सोडूनच द्या. मुंबईची हवा काय कोरडी आहे का, तिथे पावसाळ्यात पण कॅफेवाले दाट फेसाची कॉफी देतातच की. राहिलं दूध. फेस म्हणजे दुधात अडकवलेली हवा, आणि ती धरून ठेवतात दुधातली प्रोटीन, केसीन आणि व्हे. ती बुडबुड्याभोवती पातळ पापुद्रा करतात. हा पापुद्रा मजबूत असेल आणि बुडबुडे डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक असतील तरच तो चकचकीत फेस होतो जो कॉफीत ओतला की एकजीव होतो. आता प्रोटीन साध्या टोन्ड दुधात पण पुरेसं असतं, तेच दूध इथे सगळीकडे मिळतं.

मी काय केलं, कॅफेत वापरतात तीच पिशवी शेजारच्या दुकानातून घेतली, होमस्टेच्या फ्रीजमध्ये गार केली, सकाळी थोडं दूध गरम केलं, हाताला चटका बसेल इतकंच, आणि सोबत असलेल्या फ्रेंच प्रेसमध्ये (दांड्याला जाळी असलेलं कॉफीचं भांडं) घालून दांडा भराभर वरखाली केला. मस्त फेस आला राव, कॉफी संपेपर्यंत टिकला. म्हणजे दूध निर्दोष. तुम्हाला पण कुठे शंका आली तर ही टेस्ट करा, फ्रेंच प्रेस नसेल तर झाकणाच्या बाटलीत अर्धं दूध घेऊन जोरात हलवा, बाटलीत फेस धरतोय आणि कॅफेत नाही तर भानगड मशीनच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी आहे.

आणि ती कुठे आहे ते काउंटरसमोर उभं राहिलं की दिसतंच. दुधाची पिशवी फ्रीजबाहेर, सीझनची गर्दी, कोण आत ठेवणार. पण दूध कोमट झालं की दोन बाजूंनी मार बसतो. एक तर कोमट दुधात फॅट धड घट्ट नाही धड पातळ अशा अवस्थेत असतं आणि ते बुडबुडे फोडतं, साधारण २०-३० डिग्रीला दुधाचा फेस सगळ्यात वाईट होतो. दुसरं म्हणजे हवा भरायला वेळच मिळत नाही. दूध ४-५ डिग्रीचं गार असेल तर मशीनच्या वाफेच्या नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकवून हवा घ्यायची, चिर्र चिर्र असा हलका आवाज येतो, दुधाचा जग (भांडं) अंगाइतका कोमट लागेपर्यंत म्हणजे ३७-४० डिग्रीपर्यंत हे चालतं, मग टोक थोडं खाली नेऊन दूध जगात गरगर फिरवायचं म्हणजे मोठे बुडबुडे मोडून बारीक होतात, आणि ६०-६५ ला थांबायचं. इथे सुरुवातच ३० पासून झाली तर हवा कधी भरणार आणि फिरवणार कधी?

थांबायचं तर कोणाला माहीतच नाही. पोरगा नळी थेट तळाशी घालतो, मशीन किंचाळतं, दूध उसळ्या मारतं, मग तो बंद करतो. ७० च्या वर गेलं की व्हे प्रोटीन बिघडायला लागतं, दुधाचा गोडवा जातो आणि उकळलेल्या दुधाचा वास येतो. यात त्याची काय चूक म्हणा, आपल्याकडे दूध म्हणजे वर येईपर्यंत तापवायचं हेच डोक्यात बसलेलं. शिवाय गिऱ्हाईक पण 'कडक गरम द्या' म्हणून मागे लागतं, मी स्वतः ऐकलं.

मग तो जग. एक कप झाला की उरलेलं दूध तसंच, त्यातच नवीन ओतायचं, परत स्टीम. एकदा तापून गेलेलं दूध परत तितका फेस धरत नाही, शिवाय वाफेचं पाणी मिसळून ते आधीच पातळ झालेलं असतं. प्रत्येक कपाला धुतलेल्या जगात नवीन गार दूध घ्यायला किती दूध वाया जाईल असं वाटत असेल तर लहान जग घ्या ना, एका कपापुरता मिळतो.

स्टीमच्या नळीबद्दल तर बोलूच नका. टोकावर पिवळट पांढरा थर वाळून बसलेला, भोकं बारीक असतात, त्यातली एक-दोन बंद झाली की वाफ तिरपी येते आणि दूध फिरतच नाही. काम झालं की लगेच ओल्या फडक्याने पुसायचं आणि वाफ एकदा मोकळी सोडायची, सुरू करायच्या आधीही सोडायची कारण आत साचलेलं पाणी पहिलं येतं. सगळं मिळून पाच सेकंदांचं काम आहे हो. आणि जग धुताना साबण नीट निघाला नाही किंवा तुपकट हात लागला तरी फेस खाली बसतो, हे बऱ्याच जणांना पटत नाही पण खरं आहे.

दादाच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे ते पण सांगतो. दूध लांबून येतं, वाटेत किंवा दुकानाबाहेर क्रेटमध्ये तापलं तर बॅक्टेरिया वाढतात, त्यांचं लायपेज नावाचं एन्झाइम दुधातलं फॅट तोडतं. त्यातून जी फॅटी अॅसिड सुटतात ती बुडबुड्यावर प्रोटीनची जागा बळकावतात. गंमत म्हणजे असं दूध नासत नाही, सुरुवातीला वास पण येत नाही, चहा झकास होतो, फक्त फेस धरत नाही. म्हणून 'चहा तर बरोबर होतोय' ही काही परीक्षा नाही. पण उपाय सोपा आहे, सकाळी गाडी आली की पिशव्या लगेच फ्रीजमध्ये टाका आणि तारीख बघून जुनी आधी संपवा. कुठली पिशवी घ्यायची तर टोन्डमध्ये ३ टक्के फॅट, डबल टोन्डमध्ये १.५, फुल क्रीममध्ये ६. फॅट कमी तितका फेस जास्त आणि कोरडा, फॅट जास्त तर फेस कमी पण तोंडात गुळगुळीत. मला विचाराल तर टोन्ड बरं. तापवून साय धरलेलं दूध मात्र अजिबात नको, सायीचे तुकडे सगळं बिघडवतात.

मेनूवर नारळाच्या दुधाची लाटे (जास्त दुधाची कॉफी) पण आहे, वाचून मोह होतो. घेऊ नका. नारळाच्या दुधात फॅट भरपूर आणि प्रोटीन अगदी थोडं, फेस धरायला काही नाहीच, आणि गरम कॉफीत ते फुटून वर तेल तरंगतं. सोलकढीत जे लागतं ते इथे लागत नाही.

लाईट गेली तर दुधाची कॉफी मागवूच नका, तिकडे जाते ते माहीतच आहे तुम्हाला. परत आल्यावर बॉयलर तापून पुरेसं प्रेशर यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, पोरगा दोन मिनिटांत सुरू करतो, मग वाफेऐवजी नुसतं गरम पाणी दुधात.

हे सगळं मी दादाला शांतपणे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, 'बघतो काका' म्हणाला, पोराला नळी पुसायला पण लावली माझ्यासमोर. मशीन विकणाऱ्यांनी ट्रेनिंग दिलं होतं का विचारलं तर एक दिवस माणूस आला होता म्हणे, आणि तो ज्या पोराला शिकवून गेला तो आता गोव्याला. तिथेच सगळं आलं. लाखाचं मशीन घेता तर पोरगा बदलला की नवीन पोराला शिकवायला दोन दिवस काढा.

काळ्या कॉफीला साडेचार स्टार, दुधाच्या कॉफीला दीड, जागेला पाच. पार्किंग दोन गाड्यांचं, बाकी रस्त्यावर लावावी लागते. यूपीआय चालतं पण रेंज जाते, सुटे ठेवा.